घरातल्या जुन्या बंदुकीला नवा दस्ता: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटोल, उमरेड, रामटेक, भंडारा या पट्ट्यातल्या जुन्या घरांत आजही बारा बोअरची (बोअर हे नळीच्या रुंदीचं माप) एखादी दुनाळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, निघते. मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली, वाड्यांच्या वाटण्या झाल्या, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवसही संपले. बंदूक मात्र परवान्यावर नाव बदलत एका पिढीकडून दुसरीकडे येत राहिली. ती हातात येते तेव्हा बहुतेक वेळा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, तडकलेला असतो, वाळवीने खाल्लेला असतो, नाहीतर कुणीतरी खिळे ठोकून सांधलेला असतो. मग लोक लाकडापासून सुरुवात करतात. माझं सांगणं उलट आहे: आधी कागद, मग नळी, लाकूड सगळ्यात शेवटी. खालची उत्तरं त्याच क्रमाने आहेत.

आजोबा वारले, बंदूक अजून घरीच आहे. परवान्याचं होईल तेव्हा होईल, तोवर दस्त्याचं काम करून घेऊ का?

नाही. परवाना आजोबांच्या नावावर होता आणि त्यांच्यासोबतच तो संपला. आता ती बंदूक घरात ठेवणंच बेकायदा ठरतं, मग ती कपाटात कुलूपबंद असो की माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. दोन्हींत निवडायचं असेल तर मी विक्रेत्याकडे जमा करा असं सांगेन. त्याचं भाडं पडतं, पण बंदूक कोरड्या जागी राहते आणि मध्ये जाऊन बघता येते. आमच्या नात्यातली एक दुनाळी बरीच वर्षं पोलिस ठाण्याच्या एका मालखान्यात पडून होती. बाहेर आली तेव्हा दस्त्याची टाच (खांद्याकडचं टोक) वाळवीने पोकळ केली होती आणि डाव्या नळीत गंजाचे खड्डे पडले होते.

जमा केल्याची पावती सांभाळा आणि अर्जाचा पाठपुरावा सोडू नका. ठरलेल्या मुदतीत कुणी हक्क सांगितला नाही तर जमा केलेलं शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. कितीतरी चांगल्या बंदुका याच आळसात गेल्या.

वारसाला परवाना कोण देतं?

नागपूर शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलिस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसासाठी वेगळी तरतूद आहे. मूळ परवाना, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकी वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं लागतात. अडतं ते बहुधा या शेवटच्या कागदावर. एक आत्या पुण्याला, एक काका रायपूरला, आणि तिसऱ्याशी बोलणं बंद. म्हणून घरातलं माणूस हयात असतानाच हे उरकावं. परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली असतील किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली असेल, तर तो स्वतःच वारसाचं नाव सुचवून बंदूक त्याच्याकडे सोपवण्यासाठी अर्ज करू शकतो. वारसाचं वय २१ पूर्ण हवं.

आमच्याकडे एक एकनाळी, एक दुनाळी आणि पणजोबांची एक ठासणीची (तोंडाकडून दारू ठासून भरायची) आहे. तिन्ही ठेवता येतील का?

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेल्याही त्यातच मोजल्या जातात. तिसरी कुटुंबातल्या दुसऱ्या पात्र वारसाच्या नावावर करता येते का, ते परवाना शाखेत विचारा.

ठासणीच्या बंदुकीबद्दल एक कळकळीची सूचना. ती भरलेली नाही असं धरून चालू नका. जुन्या लोकांची बार ठासून बंदूक भिंतीला टांगायची पद्धत होती, आणि कोरडी राहिलेली काळी दारू दोन पिढ्यांनंतरही पेट घेऊ शकते. गज आत घालून, खोली मोजून बघण्याचं काम बंदुकीच्या कारागिराला करू द्या.

काम घरच्या सुताराकडून करून घेतलं तर?

सुतार कितीही कसबी असो, बंदूक त्याच्याकडे ठेवून येऊ नका. कायद्याप्रमाणे शस्त्राची दुरुस्ती हेदेखील परवान्याचं काम आहे, आणि शस्त्र म्हणजे त्याचे सुटे भागही. ज्याच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे त्याच्याचकडे जा, परवाना दाखवा म्हणा, आणि बंदुकीचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या. सुताराची मदत घ्यायचीच तर लाकूड निवडून, वाळवून, जाड फळी काढून घेण्यापुरती घ्या.

परवाना माझ्या नावावर आहे, पण मी नोकरीनिमित्त बाहेर असतो. चुलतभाऊ दुरुस्तीला नेऊ शकतो का?

हो. शस्त्र कायद्याच्या कलम ३ मध्येच तशी सोय आहे. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी बंदूक नेऊ शकते. पत्रात बंदुकीचा क्रमांक, परवाना क्रमांक, कुठे नेतोय आणि कोणत्या तारखेला, हे सगळं लिहा, आणि सोबत परवान्याची प्रत द्या. बंदूक उघडून, नळ्या वेगळ्या करून, पिशवीत न्यायची. काडतुसं सोबत अजिबात नकोत.

दस्त्याला हात लावण्याआधी काय तपासायचं?

नळ्या. नळ्या गेलेल्या असतील तर महागड्या अक्रोडाच्या दस्त्याला काही अर्थ नाही.

पहिली गोष्ट, परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक जुळतो का. परवान्यावर एसबीबीएल किंवा डीबीबीएल लिहिलेलं असतं, म्हणजे मागून भरायची एकनाळी किंवा दुनाळी. क्रमांक झिजलेला असेल तर तो पुन्हा कोरून घेऊ नका, खूण पुसणं किंवा बदलणं हा गंभीर गुन्हा आहे. क्रमांक झिजल्याचं परवाना शाखेला लेखी कळवा.

मग नळ्या उतरवून खालच्या सपाट बाजूवरचे शिक्के वाचा. मुकुट आणि त्याखाली अक्षरं असतील तर इंग्लंडमधली चाचणी, अंडाकृतीत ईएलजी असेल तर बेल्जियममधल्या लिएजची. आपल्याकडे बेल्जियमच्या बंदुका पुष्कळ आल्या. फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या नळीत आजचं बिनधुराच्या दारूचं काडतूस घालायचं नाही. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेली जुनी नळी आहे. ती दिसायला देखणी असते, पण आतून कुठे गंजली आहे ते बाहेरून कळत नाही.

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस जिथे बसतं, त्या घरांची लांबीही मोजून घ्या. जुन्या इंग्रजी बंदुकांची घरं बहुतेक अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर काडतुसाची असतात. त्यात ७० मिलिमीटरचं काडतूस बसतं, आणि धोका त्यातच आहे. उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

आणखी एक जुनी परीक्षा आहे. नळ्या खालच्या आकड्यातून दोरीने टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारायची. जोड शाबूत असतील तर घंटेसारखा लांब नाद येतो. दोन नळ्यांमधली पट्टी सुटली असेल तर आवाज बद्द येतो.

दस्ता बदलायलाच हवा का?

बऱ्याचदा नाही. दुरुस्ती होऊ शकणारा दस्ता काढून टाकणं मला पटत नाही, कारण आजोबांच्या गालाने आणि तळहाताने घासून आलेला रंग नव्या लाकडावर कोणत्याही पॉलिशने येत नाही.

मुठीतली, म्हणजे हातात धरायच्या बारीक भागातली, लांब, सरळ तडा नीट साफ करून, इपॉक्सीने भरून, आतून खुंटी घालून पक्की करता येते. अडचण तेलाची असते. वर्षानुवर्षं बंदूक नळी वर करून उभी ठेवली की तेल उतरून दस्त्याच्या तोंडाशी (नळ्यांकडच्या टोकाशी) झिरपतं. लाकूड काळं पडतं, नख रुततं, आणि तेलकट लाकडावर कोणताही गोंद धरत नाही. अशा वेळी खडूची भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये कालवून त्याचा लेप द्यायचा, वाळला की झाडायचा, पुन्हा द्यायचा. भुकटी पांढरी निघेपर्यंत हे चालू ठेवायचं.

फेव्हिकॉल आणि खिळे यांचं नाव काढू नका. पण खेड्यातल्या लोहाराने मुठीला पितळेचा पत्रा गुंडाळून बारीक खिळ्यांनी बसवलेला असेल आणि तो आजही घट्ट असेल, तर मी तो काढणार नाही. तोही त्या बंदुकीचाच इतिहास आहे.

बदलायचाच तो तीन कारणांनी: तोंडाशी लाकूड कुजलं असेल, मूठ आडवी तुटली असेल, किंवा वाळवीने आतून पोखरलं असेल.

लकडगंजात सागवान चांगलं मिळतं. त्याचाच दस्ता करावा का?

हा प्रश्न फार येतो, आणि नागपूरच्या माणसाला तो पडणं साहजिक आहे. बल्लारशा आणि आलापल्लीच्या सागाचा आपल्याला अभिमान आहे. दारं, खिडक्या, पलंग यांना सागाला तोड नाही, पण दस्त्याला तो चालत नाही. सागात मूळचं तेल असतं, त्यामुळे गोंद आणि पॉलिश नीट धरत नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो धक्क्याला ठिसूळ आहे. प्रत्येक बार उडताना ॲक्शन (नळ्या आणि दस्ता यांना जोडणारा धातूचा भाग) मागे येऊन दस्त्याच्या तोंडावर आदळते, आणि सागाचा तुकडा मुठीपाशी रेषेत उभा फाटतो.

पहिली पसंती अक्रोडाला. वजनाला मध्यम, धक्का पचवणारं, कोरताना कडा न तुटणारं. काश्मीरमध्ये अक्रोडाच्या तोडीवर कायद्याचे निर्बंध आहेत, त्यामुळे बिलाशिवायचं लाकूड घेऊ नका. दुसरा पर्याय शिसम. मजबूत आहे, टिकाऊ आहे, पण जड आहे, आणि दस्ता जड झाला की बंदुकीचा तोल मागे जातो. टाचेतून पोकळ करून वजन काढावं लागतं.

लाकूड वाळलेलं किती आहे, हे जातीइतकंच महत्त्वाचं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा भाजून निघते, दोन महिन्यांनी तीच हवा दमट होते. अर्धवट वाळलेल्या लाकडाचा दस्ता पावसाळ्यात बसवला तर पुढच्या उन्हाळ्यात आकसून स्क्रू सैल पडतात. फळी घेतल्यावर निदान एक पूर्ण ऋतुचक्र ती याच शहरातल्या सावलीत राहू द्या, दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून, म्हणजे टोकं फाटणार नाहीत.

फळी निवडताना रेषा बघा. मुठीतून जाणाऱ्या रेषा मुठीला समांतर, सलग हव्यात. देखणी वळणं मागच्या रुंद भागात असू देत. मुठीत वळणदार रेषा आली की दस्ता तिथेच तुटणार.

परदेशातून तयार दस्ता मागवला तर?

आधी परवाना शाखेत आणि आपल्या विक्रेत्याकडे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. शस्त्राच्या सुट्या भागांची आयात परवान्याखाली येते आणि पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. शिवाय हाताने घडवलेल्या जुन्या दुनाळीला तयार दस्ता जसाच्या तसा कधीच बसत नाही.

दस्ता बसवतात तरी कसा?

हे काम बघायला मिळालं तर नक्की बघा. कारागीर आधी सगळे स्क्रू काढतो आणि पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवतो. जुन्या बंदुकांचे स्क्रू एकसारखे नसतात. प्रत्येक त्याच्या भोकासाठी घासून बसवलेला असतो, खाचासुद्धा एका रेषेत येतील अशा. पेचकस खाचेत तंतोतंत बसणाराच लागतो.

मग धातूच्या भागावर काजळी आणि तेलाचा पातळ हात फिरवायचा, तो लाकडाच्या खोबणीत दाबायचा, उचलायचा. जिथे लाकूड टेकलं तिथे काळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका धारदार पटाशीने तासायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. दिवसभर हे चालतं आणि संध्याकाळी खोबण दोन-तीन मिलिमीटर खोल गेलेली असते. शेवटी दस्त्याच्या तोंडाचा सगळा पृष्ठभाग ॲक्शनला सारखा टेकला पाहिजे.

एका जागी मात्र मुद्दाम फट ठेवतात. ॲक्शनच्या वरून मागे आलेली पोलादी जीभ जिथे संपते, तिथे पोस्टकार्डाच्या जाडीइतकी जागा मोकळी हवी. ती नसेल तर प्रत्येक धक्क्याला जीभ पाचरीसारखी लाकडात घुसते आणि मुठीच्या मध्यातून तडा जातो. तुमच्या जुन्या दस्त्याची तडा बहुतेक इथूनच सुरू झाली असेल, नीट बघा. कारागिराला हाच एक प्रश्न विचारा: जिभेमागे जागा किती ठेवता? उत्तरावरून त्याची पारख होते.

माप जुन्या दस्त्याचंच ठेवायचं का?

बंदूक जपून ठेवायची असेल तर हो, जशीच्या तशी प्रतिकृती करा. रेंजवर चालवायची असेल तर तुमच्या अंगाचं माप घ्या. इंग्रजी बंदुकांत चापापासून टाचेपर्यंत साधारण साडेचौदा इंच असतात, आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना चौदा किंवा त्याहून थोडं कमी बरं पडतं. गाल टेकतो तिथला उतार सुमारे दीड इंच, टाचेशी सव्वादोन. उजव्या हाताने चालवणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे कललेला असतो, तो कलही जुन्यावरून मोजून ठेवा.

दस्ता आखूड करून पिस्तुलासारखी मूठ लावणं, घडीचा दस्ता बसवणं, नळी कापणं, असले विचार मनात आणू नका. परवानगीशिवाय नळी कापण्याला कायद्यात फार कडक शिक्षा आहे.

पॉलिश कोणतं?

वार्निशचा चकचकीत थर नको. तेलाचं पॉलिश करा, आणि त्याचं तेल आपल्याच शेतात पिकतं: जवस. विदर्भात जवसाची चटणी खाल्ली नाही असं घर सापडणार नाही. खायचं कच्चं तेल मात्र वाळायला फार वेळ घेतं, म्हणून रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल घ्या. लालसर तपकिरी झाक हवी असेल तर तेलात रतनजोताची साल काही दिवस भिजत ठेवा. इंग्लंडमधले जुने दस्ते करणारेही याच जातीच्या मुळाने तेल रंगवत. इतवारीत मसाल्याच्या दुकानात मिळते ती मुळाची लाल-जांभळी साल घ्या. त्याच नावाने ओळखलं जाणारं मोगली एरंडाचं झाड वेगळं आणि विषारी आहे.

तळहाताने थेंब-थेंब तेल चोळायचं, हात गरम होईपर्यंत. जास्तीचं पुसून टाकायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. पावसाळ्यात हे काम काढू नका, दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि चोळामोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटतं. नागपूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच धोका. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

मुठीवरचं जाळीकाम (कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघा) पुन्हा करायचं का?

नव्या दस्त्यावर हवंच, पकड त्यानेच येते. जुन्यावर झिजलेलं असेल तर फक्त रेघा साफ करून घ्या.

नळ्यासुद्धा नव्यासारख्या काळ्या करून घेऊ का?

माझं मत विरुद्ध आहे. बफ मारला की शिक्क्यांच्या कडा, कोरीव वेल, कारखान्याचं नाव, सगळं गुळगुळीत होतं. वरचा गंज तेल आणि मऊ कापडाने निघतो तेवढा काढा. गरम द्रावणात बुडवून काळं करणं तर जुन्या दुनाळीला घातक आहे, त्यात दोन नळ्यांमधला कथलाचा जोड सुटू शकतो.

दसऱ्याला पूजा करतो. त्याने काही बिघडतं का?

पूजेने नाही, ओल्या कुंकवाने. मी बघितलेल्या एका बंदुकीवर ॲक्शनच्या बाजूला पाच बोटांचे गंजाचे ठसे होते आणि जाळीकामाच्या खाचांत हळद घट्ट बसली होती. हळद-कुंकू खाली ठेवलेल्या कापडाला लावा, फूल आणि आपट्याचं पान बंदुकीवर ठेवा, संध्याकाळी काढून तेलाचा हात फिरवा.

ठेवायची कशी? निवडणुकीत जमा करावी लागली तर?

घरी कुलूपबंद लोखंडी कपाटात, नळ्या आणि दस्ता वेगळे करून, काडतुसं दुसऱ्या कुलपात. चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत कायमची ठेवू नका, ओल धरते. उभी ठेवायची असेल तर नळीचं तोंड खाली, म्हणजे तेल लाकडात उतरणार नाही. आचारसंहितेच्या काळात जमा करायची नोटीस आली तर देण्यापूर्वी दस्त्याचे, नळ्यांचे आणि क्रमांकाचे फोटो काढा, नळ्यांना आतून-बाहेरून तेल लावा, आणि पावतीवर स्थिती लिहून मागा.

दुरुस्त झाल्यावर चालवता येईल का?

कारागिराने नळ्या योग्य ठरवल्या असतील तर रेंजवर, योग्य लांबीच्या हलक्या काडतुसाने. आजोबांच्या डब्यातली हिरवट पडलेली काडतुसं नकोत, ती विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे सोपवा. शेतात रानडुकरं कितीही नासाडी करोत, वनविभागाच्या परवानगीशिवाय गोळी झाडणं गुन्हा आहे. आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. घरातल्या मोठ्यांनी आग्रह केला तरी ठाम नाही म्हणा.

नव्या दस्त्यावर आजोबांचं नाव कोरावं का?

जुन्या दस्त्याच्या खालच्या काठावर चांदीची किंवा पितळेची छोटी अंडाकृती पट्टी असते का बघा. बऱ्याच बंदुकांवर ती असते आणि तिच्यावर पहिल्या मालकाची आद्याक्षरं असतात. ती हलक्या हाताने काढून नव्या दस्त्यात त्याच जागी बसवून घ्या. नसेल तर नवी करून तिच्यावर नाव घाला. लाकडावर थेट कोरायचं असेल तर टाचेच्या पट्टीखाली, जिथे बाहेरून दिसत नाही, तिथे नाव आणि साल लिहा. धातूवर मात्र काहीही कोरू नका, तिथे तपासनीस परवान्यावरच्या खुणा शोधतो आणि नवं कोरीव काम दिसलं की शंका घेतो.